गांधारीची पट्टी

लकवा झालेल्या माणसाला खाटेवरून उठवताना त्याचा दुबळा हात धरून ओढायचं नाही. हे वाक्य मी सांगली-मिरजेच्या घराघरांत इतक्यांदा म्हटलंय की आता माझ्या नवऱ्यालाही ते पाठ झालंय. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, हात ओढला की सांधा खोबणीतून खाली सरकतो आणि मग महिनोन् महिने खांदा ठणकत राहतो. उठवायची रीत वेगळी आहे. आधी त्याला खाटेच्या कडेला आणायचं. दोन्ही पावलं जमिनीला पुरती टेकलेली, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. आपण समोर उभं राहायचं, आपल्या गुडघ्याचा टेकू त्याच्या दुबळ्या गुडघ्याला द्यायचा आणि हात कमरेला. कमरेला पट्टा नसेल तर जुनी ओढणी दुमडून घट्ट बांधायची. मग त्याला पुढे वाकायला सांगायचं, इतकं की नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे गेलं पाहिजे. नाक पुढे गेलं की बूड आपोआप हलकं होतं. एक-दोन-तीन त्यानं मोजायचं, आपण नाही. तिनाला तो उठतो, आपला नुसता आधार असतो.

घरी जाऊन फिजिओथेरपी द्यायची, हा माझा धंदा. ही उठवायची रीत मी ज्यांना शिकवते त्यांत मुलं, सुना, ब्युरोकडून आलेल्या मावशी असतात. पण सगळ्यात जास्त असतात त्या बायका. रुग्णाच्या बायका. वय पासष्ट, सत्तर, कधी पंच्याहत्तर. स्वतःचे गुडघे गेलेले, बीपीची गोळी चालू, आणि समोर सत्तर-पंच्याहत्तर किलोचा नवरा. पहिल्या दिवशी त्या मला हमखास सांगतात, "मॅडम, त्यांचं सगळं मीच करते. त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही." सांगताना आवाजात अभिमान असतो आणि तो खोटा नसतो. पण याच वाक्यात पुढच्या निम्म्या अडचणी असतात, आणि त्या दोघांच्याही असतात.

बायकोच का?

आपल्याकडे म्हातारपण मुलाबाळांच्या घरी निघतं असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात मुलगा पुण्यात हिंजवडीला, मुलगी बंगळुरात किंवा त्याहून लांब, आणि सांगलीच्या घरात दोघंच. मुलगा वाईट नसतो. तो फोन करतो, पैसे पाठवतो, दिवाळीला येतो. रात्री अडीचला युरिन पॉट धरायला मात्र शेजारच्या खाटेवरचं माणूसच उठतं.

हे काम बायकांच्या वाट्याला जास्त येतं, यामागे साधा हिशेब आहे. लग्नात नवरा वयानं मोठा, आणि बाई सरासरीनं जगते जास्त. त्यामुळे साठीपुढच्या बहुसंख्य पुरुषांची बायको हयात असते. त्याच वयाच्या बायकांमध्ये विधवांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. नवरा आजारी पडतो तेव्हा त्याला बायको असते. बायको आजारी पडते तेव्हा तिला बहुतेक वेळा लेक किंवा सून असते, नाहीतर कुणीच नसतं.

आणि ही गोष्ट चार घरांची नाही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७-१८मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. साठीपुढच्या साधारण चारांपैकी एकाला रोजच्या अगदी मूलभूत कामांपैकी निदान एक काम करताना अडचण येते, असं त्यात दिसलं.

ही मूलभूत कामं कोणती, ते सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरानं १९६३मध्ये ठरवून दिलं. सहा कामं: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा असणं आणि स्वतःच्या हातानं जेवणं. आजही जगभर याच यादीनं माणसाचं परावलंबन मोजतात. कॅट्झच्या लक्षात आलं, की यांत एक क्रम असतो. साधारणपणे आंघोळ आणि कपडे आधी सुटतात, जेवण सगळ्यात शेवटी. बरं होताना हाच क्रम उलटा चालतो: घास आधी हातात येतो, आंघोळ शेवटी जमते.

मी घरात गेल्यावर हीच सहा कामं डोळ्यांसमोर ठेवते. पण प्रत्येक कामापुढे आणखी दोन प्रश्न माझे मी विचारते. हे त्याला खरंच येत नाही, की कुणी करू देत नाही? आणि ते कसं, केव्हा करायचं हे कोण ठरवतं?

मास्तरांचा शर्ट

विश्रामबागेतले एक निवृत्त मास्तर. उजवी बाजू गेलेली, बोलणं बऱ्यापैकी सावरलेलं. हस्तिदंती रंगाचा बुशशर्ट आणि इस्त्रीची पँट हा त्यांचा आयुष्यभराचा वेश. आजारानंतर बायकोनं त्यांना बनियन आणि लुंगीवर आणलं होतं, कारण सोयीचं. कुणी भेटायला येणार असलं की दोन मिनिटांत शर्ट चढवून बटणं लावून मोकळी होई. मास्तर तेवढा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत.

एके दिवशी मी काकूंना म्हटलं, आज ते स्वतः घालतील. दुबळा हात आधी बाहीत घालायचा, चांगला हात नंतर, काढताना उलटं. शर्ट मांडीवर पसरायचा. मास्तरांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून बाहीत सोडला. बाही कोपरावर अडली. काकूंचा हात पुढे आला, मी मानेनंच नको म्हटलं, तसा त्यांनी तो पदराखाली धरला. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. कुणी उठलं नाही. मास्तरांनी शर्ट पाठीवरून ओढून घेतला, डावा हात घातला आणि एका हातानं बटणं लावायला सुरुवात केली. दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं. काकूंनी राहवेना म्हणून बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, "राहू दे." तसाच वाकडा शर्ट घालून, चौपायी काठी टेकत ते फाटकापर्यंत गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला त्यांनी हाक मारली. आजारानंतर त्यांनी आपणहून कुणाला हाक मारल्याचं काकूंना आठवत नव्हतं.

मदत नेहमी सुखावते असं आपण धरून चालतो. अमेरिकेत न्यूसम आणि शुल्झ या दोघांनी १९९८मध्ये याची उलट बाजू तपासली. शरीरानं दुबळ्या झालेल्या आणि जोडीदाराकडून मदत घेणाऱ्या वृद्धांना त्यांनी विचारलं, की ही मदत घेताना तुम्हाला कसं वाटतं? जवळजवळ ४० टक्के माणसांनी मदतीचा त्रास होतो असं सांगितलं. ज्यांना तसा त्रास होत होता त्यांच्यात वर्षभरानंतर नैराश्यही जास्त आढळलं. जोडीदार दुष्ट होते असं नाही. मदत गरजेपेक्षा जास्त असते, घाईत असते, न विचारता असते, किंवा "थांबा, तुम्हाला नाही जमायचं" या सुरात असते.

पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. ते मेंदूच्या इजेमुळेही येतं आणि त्यासाठी औषधं आहेत, ती घ्यायलाच हवीत. पण मी घराघरांत जे ऐकते ते असं असतं: "मॅडम, मी आता घरातलं सामान झालोय. इथनं उचलायचं, तिथं ठेवायचं." ही तक्रार गोळीनं पुरती जात नाही. तिच्यावर उतारा म्हणजे कामं परत मिळणं, आणि कामांहून जास्त म्हणजे अधिकार परत मिळणं. एका काकांनी जन्मभर बँकेत कॅश सांभाळली होती. काकूंनी दुधाचा, पेपरचा आणि गॅसचा हिशेब त्यांच्याकडे दिला. डाव्या हातानं काढलेले आकडे पहिल्यांदा कोंबडीच्या पायासारखे आले, पण महिनाअखेरीला गवळ्याची चूक त्यांनीच पकडली. त्या दिवशी व्यायाम न सांगता झाला.

हे लिहिणं सोपं आहे, रोज करणं अवघड. सकाळी आठ वाजता नळाचं पाणी जाणार असतं, कामवाली यायची असते, आणि नवरा बटण लावत बसलेला. म्हणून मी सगळं एकदम सोडा असं म्हणत नाही. एकच काम निवडा, जे त्याला महत्त्वाचं वाटतं. कुणाला दाढी स्वतः करायची असते, कुणाला देवाला फूल वाहायचं असतं. तेवढ्या कामाला घड्याळ लावू नका. बाकीचं करा तुम्ही खुशाल.

पट्टी

आता दुसऱ्या खाटेकडे, म्हणजे सांभाळणाऱ्या जोडीदाराकडे येते.

खणभागातल्या एका आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तारीख मिळाली की त्या पुढे ढकलायच्या. "मी दवाखान्यात पडले तर यांचं कोण बघणार?" आजोबा अंथरुणाला खिळलेले. आजी त्यांना वेळच्या वेळी भरवायच्या, पुसून काढायच्या, कूस बदलायच्या. सेवेत कुठे म्हणून कमी नव्हती. एका सकाळी मी आजोबांना कुशीवर वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लालभडक डाग. बोटानं दाबला तरी पांढरा होईना. बेडसोरची ती पहिली पायरी असते; तिथं पकडलं तर कूस वरचेवर बदलून आणि हवेची गादी घालून मागे फिरवता येतं, नाहीतर थोड्याच दिवसांत कातडी फुटते. आजी रोज तीच पाठ पुसत होत्या. त्यांना डाग दिसतच नव्हता.

त्या दिवशी मला गांधारी आठवली. नवरा आंधळा आहे असं कळल्यावर तिनं स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि आपण तिला पतिव्रतांच्या रांगेत बसवलं. मला लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा: यात धृतराष्ट्राचा काय फायदा झाला? त्याला हवे होते दोन डोळे. घरात दोनाचे चार बंद डोळे झाले, आणि युद्धात काय चाललंय ते सांगायला शेवटी संजय लागला. म्हातारपणी तिघं वनात निघाली तेव्हाचं महाभारतातलं वर्णन तर डोळ्यांपुढून हलत नाही: पुढे कुंती, तिच्या खांद्यावर गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. धडधाकट जन्मलेल्या बायकोला नवऱ्यासाठी तिसऱ्याच बाईचा खांदा शोधावा लागला.

आमच्या भागात मला ही पट्टी घरोघरी दिसते. भजनी मंडळ सुटतं. सकाळचं आमराईतलं चालणं सुटतं. बहिणीच्या नातवाची मुंज, शेजारणीची मंगळागौर, "आमचे हे असे असताना मी कशी जाऊ?" स्वतःच्या गोळ्या संपलेल्या आठ-आठ दिवस लक्षात येत नाहीत. जेवण उभ्यानं, झोप तुकड्यातुकड्यांनी. आणि हे सगळं कुणी तिला सांगितलेलं नसतं. तिचं तीच बांधून घेते, कारण असं करणाऱ्या बाईला सगळे चांगलं म्हणतात.

शरीर मात्र याचा हिशेब ठेवतं. शुल्झ आणि बीच यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात सगळीकडे सांगितला जातो. ६६ ते ९६ वयाच्या, जोडीदाराची काळजी घेणाऱ्या माणसांवर त्यांनी चार वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका, असं काम नसणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याआधी १९९५मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी आणखी साधा प्रयोग केला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, तसं काम नसलेल्या १३ बायका. प्रत्येकीच्या हातावर छोटीशी सारखीच जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्या बायकांच्या जखमेला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगते. शुल्झ-बीच यांच्याच अभ्यासात, जे काळजी घेत होते पण ताणाखाली नव्हते, त्यांच्यात धोका असा वाढलेला दिसला नाही. २००९मध्ये स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी तर दाखवलं की जोडीदारासाठी आठवड्याला १४ तास किंवा जास्त वेळ देणाऱ्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण उलट कमी होतं. म्हणजे सेवा हे विष नाही. आपल्या माणसाच्या उपयोगी पडण्यात माणसाला बळही मिळतं. खाऊन टाकतं ते सुट्टी नसलेलं, झोप नसलेलं, एकट्यानं वाहिलेलं ओझं.

खणभागातल्या आजींना मी हे आकडे सांगितले नाहीत. तो लाल डाग मोबाइलवर मोठा करून दाखवला. तो त्यांना दिसला. पुढच्या आठवड्यात नणंद येऊन राहिली आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

डबल बेल

नवरे सेवा करत नाहीत असं नाही. बुधगाव रस्त्याला एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आहेत. त्यांच्या मंडळींना पार्किन्सन्स. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात, विशेषतः उंबऱ्याशी, दारात, वळताना. मागून ढकललं तर माणूस तोंडावर पडतो. मेंदूला बाहेरून एखादी खूण किंवा ठेका मिळाला की पाऊल सुटतं, म्हणून मी त्यांच्या दारात जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. ड्रायव्हरसाहेबांनी त्यात स्वतःची भर घातली. बायको उंबऱ्यात थिजली की ते बाजूला उभे राहून म्हणतात, "टिंग टिंग." कंडक्टरची डबल बेल. ती हसते आणि पाऊल पडतं. जन्मभर त्या बेलवर गाडी सोडली, आता बायको सोडतात.

मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं ते आणखी एक. गोळी घेतल्यावर किती वेळानं हात मोकळा होतो, केव्हा पुन्हा आखडतो, कोणत्या वेळेत आंघोळ उरकावी, हे सगळं त्यांनी जुन्या डायरीत लिहून ठेवलं होतं, गाड्यांच्या वेळापत्रकासारखं. मेंदूच्या डॉक्टरांनी ती डायरी पाहून गोळ्यांच्या वेळा बदलल्या. जोडीदाराला रुग्णाबद्दल जे कळतं ते कुठल्याही रिपोर्टात नसतं. डॉक्टरांकडे जाताना हे टिपण न्या. आणि डॉक्टरांनी रुग्णाकडे बघून एक प्रश्न विचारला तर दुसरा जोडीदाराकडे बघून विचारावा: "तुम्हाला झोप किती मिळते?"

गल्लीत ड्रायव्हरसाहेबांना सगळे देवमाणूस म्हणतात. शेजारीण डबा देऊन जाते, मंडळाची पोरं सिलिंडर वर चढवून देतात. ते त्यांनी कमावलंय. पण त्याच गल्लीत तीन घरं सोडून एक बाई नवऱ्याचं हेच सगळं करते आणि तिच्या दारात डबा येत नाही. ती बायको आहे, तिनं करायचंच. मदतीचा हा भेदभाव काही कुणी ठरवून करत नाही, आणि म्हणूनच तो दाखवून द्यावा लागतो.

शिकवणं पुरेसं नाही

मी शिकवण्याचं काम करते, तरी सांगते की नुसतं शिकवून भागत नाही. भारतात यावर मोठा प्रयोग झालेला आहे. १४ रुग्णालयांतल्या पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि पुनर्वसनाचं नीट प्रशिक्षण दिलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी बघितलं तर मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचाही फरक नाही. २०१७मध्ये लॅन्सेटमध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा आमच्या धंद्यातले बरेच जण हिरमुसले. मला त्यातून एवढंच कळलं, की आधीच पाठ मोडलेल्या बाईच्या हातात आणखी एक कामांची यादी देऊन कुणी बरं होत नाही. तिच्या हातातलं काही काढून घ्यावं लागतं.

काय काढून घेता येईल? पहिलं, रात्र. आठवड्यातल्या दोन रात्री जरी दुसऱ्या कुणी उठायचं ठरलं तरी माणूस तगतो. मुलांना पैसे पाठवायचेच असतील तर त्यांनी ते याच कामासाठी, रात्रीच्या माणसासाठी पाठवावेत. दुसरं, उचलाउचल. कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये भिंतीला पकडायचे दांडे, खाटेची उंची गुडघ्याएवढी करणारे ठोकळे, या गोष्टी फार महाग नसतात. नवा टीव्ही घेण्याआधी त्या घ्याव्यात. तिसरं, एकटेपण. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर, आणि दोघंही बरोबरीनं सभासद असतात. आपल्यासारखीच दुसरी बाई रात्री तीनला वैतागून रडते आणि सकाळी पुन्हा चहा टाकते, हे कळलं तरी अपराधीपणा निम्मा होतो.

सरकारचं म्हणाल तर कागदावर बरंच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७वरून २१ झाले, त्यात पार्किन्सन्सही आला. सरकारी रुग्णालयातून ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला आणि दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र मिळालं की सवलतींची दारं उघडतात. म्हातारपणचा आजार म्हणून लोक दाखला काढतच नाहीत, तो काढा. याच कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे, पण आमच्याकडच्या एकाही काकूंच्या हातात तो पडलेला मी पाहिला नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना काठी, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी आणल्यानंतरची वर्षं त्यात नाहीत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, ती मात्र जरूर लावून बघा.

जर्मनीनं १९९५मध्ये आणि जपाननं २०००मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. जर्मनीत घरचा सांभाळणारा आजारी पडला किंवा सुट्टीवर गेला तर बदली माणसाचा खर्च त्या विम्यातून मिळतो. जपानी आजी-आजोबा दिवसा केंद्रात जातात आणि तेवढा वेळ घरच्याला मोकळीक मिळते. सांभाळणाऱ्याला सुट्टी लागते, हे या देशांनी कायद्यात लिहून टाकलं. आपल्याकडे तेवढं होईपर्यंत ती सुट्टी गल्लीनं आणि नातेवाइकांनी द्यायची आहे.

ते आपल्याला जमत नाही असं मी मानत नाही. २०१९च्या पुरात कृष्णेचं पाणी गावभागात घुसलं तेव्हा एका लकव्याच्या काकांना खुर्चीसकट बोटीत ठेवायला ओळखीची ना पाळखीची पोरं धावून आली. कुणाला बोलवावं लागलं नाही. पाणी उतरलं, पोरं आपापल्या कामाला गेली, आणि काकू पुन्हा त्या खुर्चीबरोबर एकट्या. पूर आला की आपण सगळे असतो. साध्या मंगळवारी कुणी नसतं.

म्हणून वाचकांकडे मागणं मंगळवारचं आहे. तुमच्या ओळखीत असं एक घर असेलच. भेटायला जाताना शहाळं आणि पुडाभर बिस्किटं नेऊन, दहा मिनिटं बसून, "काळजी घ्या हं काकू" म्हणून उठू नका. ठरवून दर मंगळवारी चार ते सहा जा. काकूंना चप्पल घालायला लावा. देवळात जाऊ देत, डोळे तपासायला जाऊ देत, नाहीतर शेजारणीकडे जाऊन दोन तास झोपू देत, कुठं चाललात ते विचारू नका. आणि त्या वेळात काकांनी चहा स्वतः ओतून घेतला, थोडा बशीबाहेर सांडला, तर कप त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. फडकं जवळ ठेवा. पुसायचं की नाही, तेही त्यांनाच ठरवू द्या.